सीथ्रीडी फाइल हाती आल्यावर: पाटी वाहणाऱ्यांच्या चालीचं विश्लेषण, रत्नागिरीतून

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी बंदरावर डोक्यावरून मासळीची पाटी वाहणाऱ्या बायकांची चाल मोजायची होती. प्रत्येकीची दोनदा: एकदा भाराशिवाय, एकदा १५ किलो डोक्यावर घेऊन. मोशन कॅप्चरची (अंगावरच्या खुणा अनेक कॅमेऱ्यांनी टिपून हालचाल मोजणारी) लॅब जवळ नसल्याने रेकॉर्डिंग बाहेरच्या शहरात झालं. लॅबकडून आलेल्या सीथ्रीडी फाइलवरचं (हालचालीची नोंद असलेल्या फाइलवरचं) पुढचं सगळं विश्लेषण मात्र रत्नागिरीत, ८ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलं. हे काम सुरू करताना मराठीत वाचायला काही मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहीत आहे. कागदपत्रं त्यात आलीच, कारण वेळ तिथेच जास्त जातो.

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) कॉलेजमधून मंजूर झाला की पुढचा टप्पा एथिक्स कमिटी, म्हणजे सहभागींचं हित जपलं जातं का ते पाहणारी समिती. अर्ज फेब्रुवारीत दिला, विषय बैठकीत आला एप्रिलमध्ये. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत लागतं, आणि ते सहभागी बाईला वाचून दाखवल्यावर कळेल अशा मराठीत लागतं. समितीचे प्रश्न तीन गोष्टींवर होते. मार्कर (कॅमेऱ्यांना चमकून दिसणारे छोटे गोळे) लावण्यासाठी अंगाला घट्ट बसणारी शॉर्ट आणि टी-शर्ट घालावा लागतो, तर खोलीत पुरुष असतील का? व्हिडिओत चेहरा दिसेल का? आणि बुडीत मजुरीचे पैसे किती, कशाच्या आधारावर? पहिल्यासाठी मार्कर लावणाऱ्या आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्या दोघीही स्त्रिया असतील असं लॅबकडून लेखी घेतलं. दुसऱ्यासाठी व्हिडिओ कमरेखालचाच घ्यायचा ठरवलं. तिसऱ्यासाठी दिवसाला ५०० रुपये अधिक प्रवास आणि जेवण असा तक्ता जोडला. हे तिन्ही कागद अर्जासोबतच लावले तर एक बैठक वाचते.

सीटीआरआयवरची (वैद्यकीय अभ्यासांच्या भारतीय नोंदवहीतली) नोंदणी मोफत आहे. आमचा अभ्यास निरीक्षणात्मक होता, तरी कॉलेजने नोंदणी मागितली. ती पहिला सहभागी घेण्याआधी व्हायला हवी. तिथून शंका विचारणारे मेल येतात, उत्तर दिलं की पुन्हा थांबायचं. या थांबण्याचा हिशेब धरूनच लॅबची तारीख मागावी. लॅबचं परवानगीपत्र एथिक्स कमिटीला आधी लागतं आणि लॅबला एथिक्सचं पत्र आधी लागतं. यातून वाट एकच: लॅबकडून 'एथिक्स मंजुरीच्या अधीन राहून' असं पत्र घ्यायचं.

तारीख मासेमारी बंदीवर ठरली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, त्यामुळे बायकांना सवड त्याच दिवसांत. जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होतं, गाड्या हळू धावतात. म्हणून लॅबची वेळ सकाळची न घेता दुपारची घेतली आणि आदल्या रात्रीचा मुक्काम धरला. लॅबने विद्यार्थी दर लावला, पण तो मागितल्यावरच.

आता लॅबकडून काय मागायचं. बहुतेक ठिकाणी रंगीत आलेखांचा पीडीएफ रिपोर्ट मिळतो. प्रबंधाला त्याचा उपयोग थोडाच. मागायच्या त्या सीथ्रीडी फाइल. हा साचा अँड्र्यू डायनिस यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये बनवला. मार्करचे त्रिमितीय निर्देशांक, फोर्स प्लेटचे (पावलाचं बल मोजणाऱ्या, जमिनीत बसवलेल्या पाटाचे) सिग्नल आणि त्या सगळ्यांची माहिती एकाच फाइलमध्ये ठेवायची, ही त्यामागची कल्पना. कॅमेरे कोणत्याही कंपनीचे असोत, सीथ्रीडी जवळपास सगळ्यांतून निघते. प्रत्येक ट्रायलची (चालण्याच्या एका फेरीची) कच्ची आणि प्रक्रिया केलेली अशा दोन्ही फाइल घ्याव्यात. सोबत स्थिर उभ्याची फाइल, मार्कर कुठे लावले त्याची आकृती, पायाची लांबी, गुडघा आणि घोट्याची रुंदी, वजन, उंची. प्रक्रिया केलेल्या फाइलवर कोणता फिल्टर (आलेखातली थरथर गाळणारं गणित) आधीच चालवला आहे, हे लिहून घ्यावं. नाहीतर आपण त्यावर दुसऱ्यांदा फिल्टर चालवतो आणि आलेखाची शिखरं खाली बसतात.

फाइल नेटवरून पाठवता येतील का, अशी काळजी होती. हिशेब केला तर ती उरत नाही. सढळ धरून ४० मार्कर, सेकंदाला १०० फ्रेम, ५ सेकंदांची ट्रायल, दर बिंदूला १६ बाइट, म्हणजे ३२० केबी. दोन प्लेटचे १२ चॅनेल, सेकंदाला १००० नमुने, दर नमुन्याला ४ बाइट, म्हणजे आणखी २४० केबी. अर्धा एमबीच्या आसपास. जड असतो तो व्हिडिओ, तो पेनड्राइव्हवर घ्यावा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी कमरेखाली १६ मार्कर होते, १४ मिलिमीटरचे: श्रोणीवर (कमरेच्या हाडांवर) चार, प्रत्येक पायावर सहा. शिवाय धडावर काही आणि पाटीच्या कडेवर तीन. डोक्यावर मार्कर लावून उपयोग नाही, चुंबळीखाली ते झाकले जातात. मानेच्या सातव्या मणक्यावरचा मार्कर अंबाड्यामुळे दिसत नाही, म्हणून केस वर घट्ट बांधायला सांगावं. पावसाळी दमट हवेत घामाने टेप सुटते. त्वचा स्पिरिटने पुसायची, पूर्ण सुकू द्यायची, मग दुहेरी टेप लावायची आणि मार्करच्या बुडावरून मायक्रोपोरची (कागदी चिकटपट्टीची) पट्टी फिरवायची. पाटीत मासळीऐवजी वाळूच्या शिवलेल्या पिशव्या ठेवल्या आणि पाटी व चुंबळ धरून १५ किलो भरतील असं वजन केलं.

एका गोष्टीवर जास्त सांगतो, कारण ती आपल्याकडे हमखास होते. कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि जे काही चमकतं ते त्यांना मार्करच वाटतं. मंगळसूत्राच्या वाट्या, पैंजण, काचेच्या बांगड्या, आणि सगळ्यांत त्रासदायक म्हणजे जोडवी. पायाच्या पुढच्या भागावर मार्कर असतो आणि त्याच्यापासून काही सेंटीमीटरवर चांदीचं जोडवं. टाच उचलली की पायाचा कोन बदलतो, जोडवं चमकतं आणि पडद्यावर खऱ्या मार्करशेजारी एक जादाचा ठिपका उगवतो. लेबल लावणारं सॉफ्टवेअर काही फ्रेमपुरतं नाव त्या ठिपक्याला देऊन टाकतं. मग पाऊल नेमकं जमीन सोडताना वाकडं वळल्यासारखं दिसतं. जोडवी काढायला सांगू नये. कुणालाच ते बरं वाटत नाही आणि गरजही नाही. एक मावशी म्हणाल्या, "काढायचं नाही गो, पण झाक हवं तर." तेच योग्य आहे: मायक्रोपोरचा एक वेढा दिला की चमक जाते.

प्लेटवर पाय ठेवा, असं सांगायचं नाही. सांगितलं की पाऊल लांबतं किंवा आखडतं. सुरुवातीची जागा मागेपुढे करून पूर्ण पाय प्लेटवर पडेल असं जमवायचं. प्रत्येक ट्रायलआधी रिकामी प्लेट शून्यावर आणायची. आणि भारासहित स्थिर उभ्याची ट्रायल घ्यायचीच. ५२ किलोची बाई आणि १५ किलो भार मिळून ६७ किलो, म्हणजे प्लेटवर सुमारे ६५७ न्यूटन दिसायला हवेत. नाही दिसले तर पुढे जायचं नाही.

फाइल घरी आल्या की आकडे काढायच्या आधी त्या नुसत्या बघायच्या. यासाठी मोक्का वापरलं. आर्नो बारे यांनी बायोमेकॅनिकल टूलकिट या मुक्तस्रोत लायब्ररीवर बांधलेलं हे पाहणी-सॉफ्टवेअर जुनं आहे, पण हलकं आहे आणि विंडोजवर नीट चालतं. मध्ये त्रिमितीय दृश्य, खाली काळपट्टी. त्या पट्टीवर टाच टेकणं आणि पाय सुटणं हे इव्हेंट दिसतात, ते हाताने हलवताही येतात. मार्करचं नाव आलेखाच्या खिडकीत ओढून टाकलं की त्याचा आलेख निघतो. मार्कर रेषांनी जोडून सांगाडा करता येतो आणि ती जोडणी जतन होते. ही जोडणी पहिल्याच दिवशी करून ठेवावी. डावा-उजवा गुडघा अदलाबदल झाला असेल तर रेषांची फुली होते, ती लांबूनही दिसते. नुसत्या ठिपक्यांत ते कळत नाही.

मोक्कात आधी मेटाडेटा (फाइलविषयीची माहिती) उघडायचा. मार्करचा दर किती (आमचा १००), अ‍ॅनालॉगचा, म्हणजे प्लेटच्या सिग्नलचा, किती (आमचा १०००). दुसरा पहिल्याच्या पूर्ण पटीत असतो, त्यामुळे दर फ्रेमला १० नमुने. एकक मिलिमीटर की मीटर. लेबलं सगळी आहेत का. आणि सहभागीचं नाव कुठे राहिलं आहे का! फाइलच्या नावात आपण कोड क्रमांक घालतो, पण काही सॉफ्टवेअर फाइलच्या आत 'सब्जेक्ट्स' या गटात नाव लिहितात आणि प्रत्येक मार्करच्या लेबलापुढेही तेच नाव लावतात. संमतीपत्रात ओळख गुप्त राहील असं आपण लिहून दिलेलं असतं. म्हणून लॅबमध्ये सब्जेक्ट तयार करतानाच नावाच्या जागी कोड टाकायला सांगावं.

मग ट्रायल हळू वेगाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची. लक्ष बलाच्या बाणावर (जमीन पावलाला देते ते बल दाखवणाऱ्या) ठेवायचं. बाण पावलाखालून निघून वर, गुडघ्याच्या आसपासून जायला हवा. मोकळ्या फरशीतून निघत असेल तर प्लेटच्या कोपऱ्यांचा क्रम चुकलेला असतो. खाली जात असेल तर क्रिया-प्रतिक्रियेचं चिन्ह उलटं आहे. तिसरी चूक लपून राहते. प्लेटच्या पृष्ठभागापासून आतल्या संवेदकाच्या केंद्रापर्यंतचं अंतर 'ओरिजिन' या नोंदीत असतं आणि त्याचं चिन्ह कधी उलटं पडतं. समजा अंतर ४० मिलिमीटर आहे, म्हणजे फरक ८० मिलिमीटरचा. पाय सुटायच्या आधी पुढे ढकलणारं बल १०० न्यूटन आणि उभं बल ६०० न्यूटन असेल, तर दाबाचा केंद्रबिंदू १३ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे घोट्याच्या मोमेंटमध्ये (सांध्याभोवती फिरवणाऱ्या बलाच्या परिणामात) ८ न्यूटन-मीटरचा फरक पडतो, जो एरवीच्या शिखराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जातो. पाऊल प्लेटवर मध्यावर असताना आडवं बल शून्याजवळ असतं, तेव्हा सगळं बरोबरच दिसतं. म्हणून बाण पाय सुटतानाच्या क्षणी तपासायचा. दाबबिंदू बोटांच्या पुढे किंवा फार मागे दिसला की ही नोंद उघडायची.

यानंतर गॅप, म्हणजे मार्कर कॅमेऱ्यांना न दिसल्याने नोंदीत पडलेली तूट. हात झुलताना श्रोणीच्या पुढच्या हाडावरचा मार्कर झाकतो. भारासह चालताना एक हात पाटीला असतो, त्या बाजूचा मार्कर स्वच्छ दिसतो आणि दुसऱ्या बाजूचा तुटतो. गायब बिंदूला सीथ्रीडीत उणे खूण असते, आणि काही सॉफ्टवेअर तो शून्य, शून्य, शून्य वर दाखवतात. तो तसाच फिल्टरमध्ये गेला तर दोन्ही बाजूंना खोटा डोंगर उभा राहतो. १० फ्रेमपर्यंतचा, म्हणजे दशांश सेकंदाचा गॅप स्प्लाइनने (आजूबाजूच्या बिंदूंतून जाणाऱ्या गुळगुळीत वक्राने) भरला. त्याहून मोठा असेल तर श्रोणीचे उरलेले तीन मार्कर घट्ट तुकडा धरून चौथ्याची जागा काढली. स्प्लाइन लांब गॅपवर फुगते आणि श्रोणी पुढे झुकल्याचा आभास होतो.

फिल्टर चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ, पुढून आणि मागून चालवलेला, कटऑफ (ज्याच्या वरची थरथर गाळली जाते ती वारंवारिता) ६ हर्ट्‌झ. चालण्यासाठी हा नेहमीचा आकडा आहे. स्थानावरून त्वरण काढताना दोनदा अवकलन होतं आणि दर वेळी उच्च वारंवारितेचा गोंधळ वाढतो, म्हणून तो आधीच काढायचा. आधी फिल्टर, मग काटछाट. उलट केलं तर फाइलच्या टोकांना आलेख वाकतो आणि टाच टेकण्याचा क्षण नेमका टोकाला असतो. मोमेंट काढताना बलालाही तोच कटऑफ लावला. मार्करला ६ आणि बलाला ५० ठेवलं तर टाच टेकताच गुडघ्याच्या मोमेंटमध्ये एक काटा दिसतो, तो शरीराचा नसतो.

प्लेटवरच्या पावलांचे इव्हेंट उभं बल २० न्यूटन ओलांडतं तिथे धरले. पुढचं पाऊल प्लेटबाहेर पडतं, तिथे टाचेचा मार्कर श्रोणीच्या सर्वांत पुढे असतो तो क्षण म्हणजे टाच टेकणं, आणि बोटांचा मार्कर सर्वांत मागे असतो तो क्षण म्हणजे पाय सुटणं. जिथे दोन्ही पद्धती लागू होतात तिथे त्यांच्यातला फरक मोजून ठेवावा, मार्गदर्शक विचारतात.

लॅबमध्ये जाण्याच्या आणि परतण्याच्या दोन्ही दिशांनी ट्रायल होतात. परतीच्या ट्रायलमध्ये पुढेमागेच्या बलाचं चिन्ह उलटतं. चिन्ह न बदलता सरासरी काढली तर ब्रेक लावणारं आणि ढकलणारं बल एकमेकांना खाऊन टाकतं.

मोमेंटसाठी ओपनसिम वापरलं, शरीराच्या सांगाड्याचं मॉडेल चालवणारं, स्टॅनफर्डमधून आलेलं आणि मोफत. सीथ्रीडीतून बिंदू आणि बल वेगवेगळ्या फाइलमध्ये काढायला पायथॉनची ईझीसीथ्रीडी लायब्ररी घेतली. नेट चालू असेल त्या दिवशी सगळं एकदाच उतरवून ठेवावं, पावसात भरवसा नाही. लॅबमध्ये वरची दिशा झेड असते, ओपनसिममध्ये वाय. म्हणून नवा वाय म्हणजे जुना झेड, आणि नवा झेड म्हणजे उणे जुना वाय. बिंदूंच्या फाइलमध्ये मिलिमीटर चालतात, बलाच्या फाइलमध्ये दाबबिंदू मीटरमध्येच लागतो. हजाराने भागायचं राहिलं तर बाण मॉडेलपासून इतका लांब जातो की पडद्यावर दिसतच नाही.

मॉडेल व्यक्तीच्या मापाचं करून घेतल्यावर इन्व्हर्स किनेमॅटिक्समध्ये (मार्करच्या जागांवरून सांध्यांचे कोन काढण्याच्या टप्प्यात) मार्करची चूक, म्हणजे खऱ्या आणि मॉडेलवरच्या मार्करमधलं अंतर, बघायची: सरासरी २ सेंटीमीटरच्या आत, कमाल २ ते ४ सेंटीमीटरपर्यंत. एकाच मार्करची चूक सतत मोठी असेल तर मॉडेलवर त्याची जागा हलवायची. गणितात त्या मार्करचं महत्त्व (वेट) वाढवून चूक दाबायची नाही. भारासहितच्या ट्रायलसाठी १५ किलोचा वेगळा तुकडा धडाला जोडावा लागतो. तो नसला तरी पायांच्या मोमेंटवर परिणाम होत नाही, कारण ते पावलाकडून वर येतात. पण श्रोणीच्या उभ्या शिल्लक बलात (हिशेब न जुळल्याने उरणाऱ्या बलात) जवळपास १४७ न्यूटन उरतात. १५ ला ९.८१ ने गुणलं की हाच आकडा. शिल्लक बलाचा तक्ता म्हणून दर ट्रायलला उघडावा, वस्तुमानाची गडबड तिथे लगेच दिसते.

सरासरीआधी सगळे आलेख ० ते १०० टक्के चालचक्रावर (एक टाच टेकल्यापासून तीच पुन्हा टेकेपर्यंत) एकावर एक टाकायचे. साध्या चालीत गुडघा झुलताना ६० अंशांच्या आसपास वाकतो, पाय साधारण ६० टक्क्यांना सुटतो, उभ्या बलाला दोन शिखरं असतात. एखादा आलेख एकटाच वेगळा पडला तर मोक्कात परत जाऊन ती ट्रायल बघायची. गुडघा वाकतो त्याच क्षणी व्हॅरस-व्हॅल्गसच्या (गुडघा बाजूला झुकण्याच्या) आलेखातही उंचवटा येत असेल, तर मांडीचा मार्कर फिरलेला आहे. गुडघ्याचा आस तिरका धरला गेल्याने वाकण्याचा काही भाग बाजूच्या हालचालीत मोजला जातो. असा उंचवटा दिसलेली फाइल बाजूला ठेवावी.

लॅब परवडतच नसेल तर दोन वाटा आहेत. किनोविया या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइलच्या व्हिडिओवर कोन मोजता येतात. मात्र कॅमेरा चालण्याच्या दिशेला काटकोनात हवा आणि लांबीचं कॅलिब्रेशन चालण्याच्या रेषेवरच करायला हवं. ओपनकॅप या व्हिडिओवरून हालचाल मोजणाऱ्या प्रणालीला दोन आयफोन किंवा आयपॅड आणि छापलेला चौकटींचा कागद पुरतो, पण व्हिडिओ बाहेरच्या सर्व्हरवर जातो. ते संमतीपत्रात आधीपासून लिहिलेलं हवं, मागाहून घालायचं तर दुरुस्तीचा अर्ज आणि पुन्हा बैठक.

प्रबंधाच्या परिशिष्टात सॉफ्टवेअरची नावं आणि आवृत्त्या, कटऑफ, गॅपची मर्यादा, इव्हेंटचा निकष, आणि वगळलेल्या प्रत्येक ट्रायलपुढे तिचं कारण असा तक्ता दिला. कच्च्या सीथ्रीडी फाइल फक्त-वाचन करून दोन डिस्कवर ठेवल्या. कोड आणि नावांची यादी कागदावर, मार्गदर्शकांच्या कपाटात, डिस्कपासून वेगळी. पाटी वाहणाऱ्या प्रत्येकीला तिच्या चालीचं एक पान मराठीत दिलं. माहितीपत्रकात तसं लिहिलं होतं, आणि अंतिम अहवालासोबत एथिक्स कमिटीला त्याच्या पोचपावत्याही जोडाव्या लागल्या.